मुलीला तीन ठिकाणी इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत आहे. निवड करताना पालकांनी काय पाहावे?

नमस्कार. तुमच्या मुलीला राज्याबाहेरील एका एनआयटीत (केंद्राच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र, कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून) शासकीय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल आणि पुण्यातील एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर अशा तीन जागा समोर दिसत आहेत, घरात एकमत होत नाही आणि हातात थोडेच दिवस उरले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरी जवळजवळ हाच पेच होता. एका आईने त्या वेळी काय केले आणि काय करायला हवे होते, ते सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी मुलीशी पैशांविषयी मोकळेपणाने बोला. मी नेमके उलट केले. "पैशांची काळजी तू करू नकोस, तू फक्त कॉलेज बघ," असे मी तिला सांगून टाकले आणि आपण तिच्यावरचे ओझे कमी केले, या समजुतीत राहिले. चार दिवसांनी तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर मला एक हिशेब दिसला. खासगी विद्यापीठाच्या वार्षिक शुल्काला तिने चारने गुणले होते, त्याखाली वसतिगृह आणि मेसचा अंदाज मांडला होता आणि शेजारी तिच्या धाकट्या भावाचे बारावीचे वर्ष लिहून त्याभोवती गोल केला होता. म्हणजे काळजी ती करतच होती, फक्त एकटीने आणि अपुऱ्या माहितीवर करत होती. त्या रात्री आम्ही दोघांनी आमचे पगार, घराच्या कर्जाचा हप्ता आणि साठवलेली रक्कम तिच्यासमोर मांडली. अमुक इतका खर्च आम्ही सहज करू शकतो, त्यापुढे शैक्षणिक कर्ज काढावे लागेल आणि त्याचा हप्ता साधारण इतका येईल, हे आकड्यांत कळल्यावर तिचे बोलणे बदलले. तोवर प्रत्येक महाविद्यालयात खोट काढणारी मुलगी पहिल्यांदाच स्वतःला काय आवडते, ते बोलू लागली.

हिशेब मांडताना केवळ शिकवणी शुल्कावर थांबू नका; विकास शुल्क, वसतिगृह, मेस, प्रवास आणि लॅपटॉप धरून चार वर्षांची एकूण रक्कम काढा. एनआयटीत शिकवणी शुल्क वर्षाला सव्वा लाख रुपये असते. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्यास ते पूर्ण माफ होते आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ होते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिकवणी आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहे. संस्था पातळीवरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागेला किंवा खासगी विद्यापीठाला ती लागू नाही. तुम्ही या निकषांत बसत असाल, तर तुमच्या तीन पर्यायांमधील अंतर काही लाखांनी बदलते, म्हणून हे आधी तपासा आणि उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रीमीलेअर आजच हाताशी आहेत का, ते पाहा.

दुसरी गोष्ट तारखांची. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामायिक प्रवेशाच्या फेऱ्या बहुधा आधी संपतात आणि कॅपच्या फेऱ्या नंतर सुरू होतात. आमच्या वेळी एनआयटीची जागा परत करण्याची मुदत कॅपची पहिली यादी लागण्याआधीच संपली. त्यामुळे हाती असलेली जागा आणि अजून न लागलेली जागा यांची तुलना करावी लागली. त्यासाठी आम्ही मागील दोन वर्षांचे कटऑफ शाखेनुसार आणि प्रवर्गानुसार काढून, कॅपमध्ये खात्रीने काय मिळेल आणि नशिबाची साथ लागली तर काय मिळेल, अशा दोन वेगळ्या याद्या केल्या. कॅपचा ऑप्शन फॉर्म (पसंतीक्रमाचा अर्ज) भरताना एक पथ्य कसोशीने पाळा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून "बघू या तरी" म्हणून कोणतेही महाविद्यालय वरच्या क्रमांकावर टाकू नका. फ्रीझचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा कॅप राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा आणि गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका.

आता महाविद्यालयांविषयी. जाहिरातीतील सर्वांत मोठे पॅकेज एका विद्यार्थ्याचे असते, त्यावरून तुमच्या मुलीविषयी काहीही कळत नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांची माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफमध्ये असते. त्यात एका तुकडीत किती विद्यार्थी आले, त्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकायला गेले आणि वेतनाचा मध्यक (निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळते तो आकडा) किती, हे सर्व आकडे असतात. तिन्ही संस्थांचे हे पाच आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. ते संपूर्ण संस्थेचे असल्यामुळे शाखेनुसार आकडे प्लेसमेंट विभागाकडे मागा. देण्यास टाळाटाळ झाली, तर तेही कागदावर नोंदवा. दर्जा तपासणाऱ्या दोन यंत्रणांपैकी नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते आणि एनबीए एकेका अभ्यासक्रमाचे, म्हणून तिला मिळणाऱ्या शाखेला आज एनबीएचे मानांकन आहे का, हे स्वतंत्रपणे पाहा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने २०२४-२५ पासून शाखेतील जागांची कमाल मर्यादा उठवल्यानंतर अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या आहेत, त्यामुळे जागा किती वाढल्या हे विचारून न थांबता कायमस्वरूपी शिक्षक किती वाढले, हेही विचारा.

शक्य असेल तर मुलीला घेऊन प्रत्यक्ष जा आणि ओपन हाऊसचा दिवस टाळून साध्या कामाच्या दिवशी जा. आम्ही एका नामांकित म्हणवणाऱ्या खासगी संस्थेत असेच दुपारी अडीच वाजता पोहोचलो. माहिती देणाऱ्या गृहस्थांनी प्रयोगशाळेतील नवी यंत्रे अभिमानाने दाखवली. मुलीने मला हळूच खूण केली, कारण दोन यंत्रांवर कारखान्यातून आलेले पातळ प्लास्टिक अजून तसेच होते आणि भिंतीवर बॅचचे वेळापत्रक मात्र जूनपासून लावलेले होते. तिथून दुसऱ्या, अनुदानित महाविद्यालयात गेलो, तर इमारतीचा रंग उडालेला होता. पण प्रयोगशाळेत तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली एका सर्किटवरून वाद घालत होत्या. माझी मुलगी त्यांच्यापाशी पाऊण तास उभी राहिली. मुलींच्या वसतिगृहाची खोली दुसऱ्या वर्षीही मिळते का, ग्रंथालयातून किती वाजेपर्यंत परतावे लागते, सर शंका विचारू देतात का, हे प्रश्न तिने विचारले. ते मला सुचले नसते.

शाखेचा प्रश्न सर्वांत अवघड होता आणि त्याबाबत माझे मत आजही ठाम आहे. "कॉम्प्युटर घे, बाकी सगळे सारखेच" हा सल्ला आम्हालाही भरपूर मिळाला आणि माझाही कल तिकडेच होता. आम्ही तिन्ही शाखांचा पाचव्या सत्राचा अभ्यासक्रम छापून घेतला, कारण पहिले वर्ष सगळीकडे बरेचसे सारखे असते आणि शाखेची खरी ओळख तिसऱ्या वर्षात होते. तिने प्रत्येक विषयाचे पहिले व्याख्यान यूट्यूबवर ऐकले आणि ज्या विषयाचे दुसरे व्याख्यान आपणहून लावावेसे वाटले, त्यापुढे खूण केली. धातुशास्त्राच्या कागदावर एक खूण होती, कॉम्प्युटरच्या कागदावर दोन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कागदावर पाच. नोकरीच्या बाजाराविषयी माझी भीती खरी होती आणि ती मी तिच्यापासून लपवली नाही; परंतु चार वर्षे रोज सकाळी उठून त्या वर्गात बसायचे होते तिला. तुमच्या मुलीला एनआयटीचे नाव, घराची जवळीक आणि कॉम्प्युटर यांपैकी काय हवे आहे, याचा अंदाज बांधण्याऐवजी तिला तिची कारणे अर्ध्या पानावर लिहायला सांगा आणि ती वाचून झाल्यावर किमान एक दिवस काहीही बोलू नका. हा एक दिवस मला फार जड गेला, पण तो आवश्यक होता.

तिने अनुदानित महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स निवडले. उरलेल्या जागा सोडताना घाई करू नका. ठरवलेल्या ठिकाणचा प्रवेश निश्चित झाल्याची पावती हाती आल्यावरच, पण परताव्याची मुदत संपण्याआधी, दुसरीकडचा प्रवेश लेखी अर्जाने किंवा पोर्टलवरून रद्द करा आणि त्याची पोच घ्या. कोणी मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ लागले, तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच संस्थांना मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केली आहे, हे नम्रपणे सांगा, पडताळणी झाल्याबरोबर ती परत मागून घ्या आणि शुल्क परताव्यासाठी बँक खात्याचा तपशील त्याच अर्जात द्या.