वाचकांचे प्रश्न : मुलाखतीच्या भीतीने सुचेनासे होते

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातील एका लहान गावची आहे. संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा मुख्य परीक्षा मी यंदा मराठी माध्यमातून उत्तीर्ण झाले असून पाच आठवड्यांनी दिल्लीत माझी मुलाखत आहे. मागच्या पंधरवड्यात एका ठिकाणी सराव मुलाखत दिली. ‘तुमच्या जिल्ह्यातून कोणती नदी वाहते?’ हा पहिलाच प्रश्न होता आणि जिच्या काठी मी लहानाची मोठी झाले त्या मांजरा नदीचे नाव मला आठवेना. हात कापत होते, तोंडाला कोरड पडली होती. समोरचे एक जण म्हणाले, ‘एवढी घाबरट मुलगी जिल्हा काय सांभाळणार?’ तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते आणि छाती धडधडत राहते. एका मैत्रिणीने धडधड कमी करणारी गोळी देऊ केली आहे. ती घ्यावी का? आणि मुलाखत इंग्रजीत दिली तर चांगली छाप पडेल का?

उत्तर : मांजरा नदीचे नाव तुम्ही विसरला नव्हता, त्या क्षणी ते तुमच्या हाती लागले नाही, आणि या दोन गोष्टींतला फरक नीट ध्यानात घेतला तर पुढची तयारी कशी करायची हे आपोआप स्पष्ट होईल. मनाला संकटाची चाहूल लागली की शरीरात अॅड्रेनालिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते आणि सारे लक्ष समोरच्यांच्या चेहऱ्यांवर खिळते. अशा वेळी आठवण शोधायला मनाला उसंतच उरत नाही. म्हणून यावर उपाय म्हणून सामान्यज्ञानाची आणखी चार पुस्तके वाचायला घेऊ नका. ज्ञान तुमच्याकडे आहे. धडधड चालू असताना बोलण्याची सवय तेवढी नाही.

ही धडधड पूर्ण थांबावी असा हट्टही सोडून द्या. अॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणासारख्या अवघड कामाआधी स्वतःला ‘शांत हो’ असे बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाल्याचे आढळले. केनेथ सॅव्हिट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की वक्त्याला आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटते तितकी ती श्रोत्यांना दिसत नाही, आणि एवढी गोष्ट आधी सांगून ठेवली तरी माणसे अधिक चांगले बोलतात. तुमच्या हातांचा कंप तुम्हाला जेवढा मोठा वाटला, तेवढा तो टेबलापलीकडे पोचला नसणार.

त्या गृहस्थांच्या शेऱ्याविषयी मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते की उमेदवाराचा पाणउतारा करणे म्हणजे सराव घेणे नव्हे, आणि तिथे पुन्हा जाण्याची तुम्हाला काहीही गरज नाही. आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे की मुलाखत ही उलटतपासणी नसून स्वाभाविक, पण हेतूपूर्वक दिशा दिलेला संवाद असतो आणि लेखी परीक्षेत तपासलेले ज्ञान पुन्हा तपासणे हा तिचा उद्देश नाही. एकूण 2025 गुणांपैकी 275 मुलाखतीचे असतात. ते कमी नाहीत, पण त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी किमान गुणांची अट नाही आणि साधारण अर्ध्या तासाच्या संवादात एखादे उत्तर चुकल्याने सारे संपत नाही.

सराव घरीच करा, मात्र तो खऱ्या प्रसंगासारखा असू द्या. त्या दिवशी घालणार तेच कपडे घाला, दाराबाहेर दहा मिनिटे बसून राहा, दोन जिने भरभर चढून या आणि श्वास लागलेला असतानाच उत्तरे द्यायला बसा, म्हणजे वाढलेल्या ठोक्यांतही शब्द सुचतात याचा शरीराला अनुभव येईल. समोर गावातले निवृत्त गुरुजी, बँकेतले अधिकारी, एखादी काकू अशी चार-पाच माणसे बसवा. घरच्यांपुढे बोलणे सोपे असते, म्हणून थोडी परकी माणसे हवीतच. उत्तरे शब्दशः पाठ करू नका, कारण पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की पुढचे सगळेच अडते. जे पाहिले आहे, ते बोला. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा तुमच्या घरी पाणी कसे पुरवले जात होते, हे तुम्हाला घोकावे लागणार नाही. आणि काहीच सुचले नाही, तर ‘क्षणभर विचार करून सांगते’ किंवा ‘मला हे निश्चित माहीत नाही’ ही वाक्ये मोठ्याने, पुन्हा पुन्हा म्हणून जिभेला सवय लावा. ही कबुली देताना आवाज खाली जाऊ देऊ नका.

मराठीतून परीक्षा दिलेल्या उमेदवाराला मुलाखतही मराठीत देता येते आणि त्यासाठी दुभाषी असतो. केवळ संकोचापोटी इंग्रजी निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. मराठीत मात्र वाक्ये आटोपशीर हवीत, कारण ती दुसऱ्या कोणाला तरी पुढे न्यायची असतात. त्यासाठी सरावात एखाद्याला तुमच्या उत्तरांचा अनुवाद करायला बसवा. तो बोलत असताना मिळणारी उसंत तुमच्या उपयोगी पडेल.

मैत्रिणीची गोळी घेऊ नका. धडधड कमी करण्यासाठी बहुधा प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध दिले जाते आणि दमा असलेल्यांना किंवा नाडी मुळातच मंद असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांनी तपासून दिलेच, तर पहिला डोस मुलाखतीच्या दिवशी न घेता त्यांना विचारून आधी एखाद्या सरावाच्या दिवशी घेऊन पाहा. पहाटेची जाग आठवडाभरात कमी झाली नाही किंवा जेवणखाण सुटू लागले, तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

श्वासाचा सराव आजपासूनच सुरू करा: चार मोजेपर्यंत श्वास आत, सात मोजेपर्यंत बाहेर, रोज पाच मिनिटे. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, म्हणून सोडणे लांबवायचे. शक्य असल्यास एक दिवस आधी दिल्लीला पोचून शाहजहान रोडवरची धोलपूर हाऊस ही आयोगाची इमारत बाहेरून पाहून या. मुलाखतीच्या दिवशी आपला क्रमांक येईपर्यंत बराच वेळ बसावे लागू शकते, तेव्हा पोटभर नाश्ता करून जा आणि चहा एका कपावर थांबवा.

येत्या रविवारी गुरुजींसमोर बसाल, तेव्हा पहिला प्रश्न मांजरा नदीचाच विचारायला सांगा.