पहिला माहितीचा अर्ज टाकतोस ना, मग हे बघ

भाऊ, गावच्या घरकुलाची माहिती काढायची म्हणतोस, लय चांगलं करून राहिला, बिनधास्त टाक अर्ज. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे अन् तो तुझ्यासाठीच आहे, माहिती कशाला पायजे हे कोणी विचारलं तरी सांगायची गरज नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवीन पोरं प्रश्न विचारतात, "माझ्या काकाले घरकुल काऊन नाही भेटलं?" असं लिहू नको. कायद्यात रेकॉर्ड भेटते, खुलासा नाही. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव, मंजूर यादी, हप्ते जमा झाल्याची नोंद माग, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत तेही टाक.

दुसरं, यादी कॉम्प्युटरवर असते तर कागदाचे गठ्ठे काऊन घ्यायचे? कलम 2(ञ) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती घ्यायचा हक्क स्पष्ट दिला आहे. अर्जातच लिही, "एक्सेल फाईल सीडीत द्यावी". एक्सेल असली की नावं शोधता येतात, बेरीज करता येते, झेरॉक्सवर डोळे फोडत बसावं लागत नाही.

बाकी,
- एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत
- 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव, दारिद्र्यरेषेखालचा असशील तर दाखला जोड, फी नाही
- पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नको, उत्तर द्यायचे 30 दिवस तिथूनच मोजायचे

उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करता येते, पण ते तेव्हा पाहू. आज कच्चा अर्ज लिही अन् इथं टाक, मी पाहून देतो.