‘हंबीर’ हे नाव आलं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात मुलगा झालाय, बारसं तोंडावर आलंय आणि आजोबांनी ‘हंबीर’ या नावाचा हट्ट धरलाय. काका सांगतात, हे ‘अहं वीर’ चं रूप, म्हणजे ‘मी वीर’. मावशीला शंका, की हे हंबरडा-हंबरण्यातलंच काहीतरी असणार, शाळेत पोराला चिडवतील. तर खरा अर्थ काय, आणि हल्ली हे नाव कोणी ठेवतं का?

मावशींची शंका आधी मिटवू. हंबरणं आणि हंबरडा हे शब्द गाईच्या आवाजावरून आले. संस्कृतातही गाईच्या ओरडण्याला ‘हंभारव’ म्हणतात. हंबीरशी त्याचं काही सोयरसुतक नाही. चिडवण्याचं म्हणाल, तर पोरं कुठल्याच नावाला सोडत नाहीत.

काकांची व्युत्पत्ती ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. ‘अहं वीर’ असं वाक्यच्या वाक्य माणसाचं नाव व्हायची आपल्याकडे रीत नाही. शिवाय बंगालात विष्णुपूरच्या मल्ल घराण्यात अकबराच्या काळात एक राजा होऊन गेला. इ. स. १६०० च्या सुमारास बांधलेला तिथला विटांचा रासमंच त्याच्याच नावावर सांगतात. लोक त्याला ‘वीर हंबीर’ म्हणतात. हंबीरमध्ये वीर आधीच असता, तर पुढे पुन्हा वीर जोडायची गरज कोणाला वाटली असती?

खरं मूळ अनपेक्षित आहे. हंबीर म्हणजे हम्मीर, आणि हम्मीर म्हणजे अरबी ‘अमीर’. आपण आज ‘अमीर-गरीब’ म्हणतो तोच हा शब्द, फक्त अर्थ जुना. अरबीत ‘अम्र’ म्हणजे हुकूम, आणि अमीर म्हणजे हुकूम सोडणारा: सेनानी, सरदार, सत्ताधीश. पैसेवाला हा अर्थ फार नंतर चिकटला. ‘अमीरउमराव’ या जोडशब्दातला उमराव हे अमीरचंच अनेकवचन, मूळ ‘उमरा’. त्यातला ‘राव’ आपल्या माधवरावातला नव्हे. आपल्या कानांना तो तसा ऐकू येतो एवढंच. मीर, मिर्झा (अमीरजादा) आणि आरमारातला ॲडमिरल हीसुद्धा याच घरातली मंडळी.

आता अमीरचा हमीर कसा झाला? परका शब्द पंडितांच्या लेखणीखाली आला की त्याला संस्कृत वळण मिळतं: सुलतानाचा ‘सुरत्राण’ झाला, तसा अमीराचा ‘हम्मीर’. सुरुवातीच्या स्वराआधी ‘ह’ येणं आपल्या भाषांना नवीन नाही. संस्कृत ओष्ठचा हिंदीत होंठ होतो, आणि आपल्याकडे गावाकडची माणसं ‘इकडं’ ला ‘हिकडं’ म्हणतातच. मधला ‘ब’ ही ओठांची करामत. ‘म’ म्हणताना मिटलेले ओठ पुढच्या ध्वनीसाठी उघडले की ‘ब’ आपोआप सुटतो. आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं याच वाटेने झालं. गंमत म्हणजे उत्तरेत आणि गुजरातेत ‘हमीर’ च राहिला: हिमाचलातलं हमीरपूर कटोच घराण्यातल्या राजा हमीरचंदाच्या नावाचं, आणि भुजचा हमीरसर तलाव कच्छच्या राव हमीराच्या नावाचा. ‘ब’ वाला हंबीर बंगालात आणि महाराष्ट्रात दिसतो. ओडिशाच्या गजपती कपिलेंद्रदेवाच्या मुलाचं नाव ‘हम्वीर’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे नावात ‘वीर’ शोधण्याची हौस पंधराव्या शतकातही होती. काका एकटे नाहीत.

ही नुसती ध्वनींची जुळवाजुळव नाही, पुरावा हातात धरता येतो. महंमद घोरी आणि त्याच्यानंतरच्या दिल्लीच्या सुलतानांची तांब्यात थोडी चांदी मिसळलेली छोटी नाणी, ज्यांना जितल म्हणतात, नाणी जमवणाऱ्यांकडे अजूनही बघायला मिळतात. नखाएवढं नाणं, जाडसर, कडा ओबडधोबड. एका बाजूला बसलेला नंदी, दुसऱ्या बाजूला भाला घेतलेला घोडेस्वार. ही चित्रं आधीच्या हिंदू राजांच्या नाण्यांवरून जशीच्या तशी उचललेली. अक्षरं नागरी. नंदीभोवती ‘श्री महमद सामे’, म्हणजे महंमद बिन साम, घोरी. आणि घोडेस्वाराशेजारी ‘श्री हमीरः’, विसर्गासकट. घोरीच्या नाण्यावर हमीर ही पदवी आहे आणि ती घोरीचीच आहे.

लेखही तेच सांगतात. दिल्लीजवळच्या पालम इथल्या विहिरीच्या संस्कृत शिलालेखात (तेच पालम, जिथे पुढे विमानतळ झाला) सुलतान गियासुद्दीन बल्बनचा उल्लेख ‘हम्मीर गयासदीन’ असा येतो. त्याच्याही आधी, १२२० च्या दशकात, गुजरातेत जयसिंहसूरी या जैन आचार्याने ‘हम्मीरमदमर्दन’ हे संस्कृत नाटक लिहिलं. नाव बघून आपल्याला वाटतं, कोणा रजपूत हम्मीराची गोष्ट असेल. तसं नाही. त्यातला हम्मीर म्हणजे तुर्क सुलतान, आणि नाटकभर मंत्री वस्तुपाल त्याचा माज उतरवतो. याच नाटकात गुजरातवर चालून येणारा दुसरा शत्रू आहे देवगिरीचा यादव राजा सिंघण, म्हणजे आपलाच माणूस. हम्मीराच्या पंगतीला आपला राजा शत्रू म्हणून बसलेला बघून मला दर वेळी हसू येतं.

त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत चित्र उलटं झालं. रणथंभोरच्या चौहानांच्या गादीवर जो राजा आला त्याचं नावच हम्मीर. शत्रूची पदवी इतकी वजनदार वाटू लागली की ती मुलाला नाव म्हणून दिली गेली. या हम्मीराने अलाउद्दीन खिलजीच्या फौजेतून पळून आलेल्या मंगोल सरदारांना आसरा दिला. त्यांना परत दे, असा निरोप आला तेव्हा नाही म्हणाला आणि १३०१ मध्ये किल्ल्यासकट संपला. त्यावरून हिंदीत म्हण पडली: ‘तिरिया तेल हमीर हठ, चढ़े न दूजी बार’. लग्नातलं तेल बाईला एकदाच चढतं, तसा हमीराचा हट्टही एकदाच, मागे फिरणं नाही. पुढे नयचंद्रसूरीने त्याच्यावर महाकाव्य रचलं. मेवाडातही चौदाव्या शतकात राणा हम्मीर झाला, ज्याने चितोड परत मिळवला. एवढं झाल्यावर या नावाचं अरबी मूळ कोणाच्या लक्षात राहणार? ते पक्कं रजपुती झालं.

आणि आता आपल्या आजोबांच्या मनात जे आहेत त्यांच्याकडे येऊ. हंबीरराव मोहिते, कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. त्यांचं खरं नाव हंसाजी. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले आणि सरनौबती, म्हणजे सेनापतिपद, हंसाजींकडे आली, ‘हंबीरराव’ या किताबासह. प्रतापराव हाही किताबच, मूळ नाव कुडतोजी. पण प्रतापरावांचा कुडतोजी लोकांना निदान आठवतो. हंसाजी मात्र हंबीररावाने पार गिळून टाकला. सोयराबाई त्यांची बहीण आणि ताराबाई त्यांची लेक. तरी १६८० मध्ये बहिणीच्या मुलाला बाजूला ठेवून त्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली. १६८७ च्या अखेरीस वाईजवळ सर्जाखानाशी झालेल्या लढाईत ते तोफेच्या गोळ्याने गेले. (सर्जा हा फारसी ‘शर्झा’, चवताळलेल्या सिंहाचं विशेषण. तोही आपल्याकडे सर्जेराव होऊन बसला, आणि आता बैलजोडीत राजाच्या शेजारी चालतो.)

सेनापतीला हंबीरराव म्हणणं मुळार्थानेसुद्धा किती नेमकं होतं बघा: अमीर म्हणजे सेनानी, आणि राव म्हणजे राजा. किताब देणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असेल असं मात्र मला वाटत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रणथंभोर आणि मेवाडचे हम्मीर असणार. भोसल्यांचं कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं जात होतंच. याच सुमारास, राज्याभिषेकानंतर, दरबारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालण्यासाठी राजव्यवहारकोश तयार झाला. त्यात सरनौबताचा सेनापती झाला. सेनापतीचं नाव हंबीरराव, ते जागचं हललं नाही. तोवर कोणाला ते परकं वाटतच नव्हतं, मग हलवणार कोण?

आता नाव ठेवणाऱ्यांची संख्या. सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात मागच्या पिढ्यांत ‘हंबीरराव’ हे पूर्ण नाव ठेवायची पद्धत होती, विशेषतः मराठा घरांत, आणि आजही त्या भागात एखादे वयस्कर हंबीरराव भेटतात. विदर्भात किंवा कोकणात हे नाव क्वचित. नुसता ‘हंबीर’ हा त्यामानाने नवा प्रकार. जशी शिवाजीरावची जागा शिवने आणि विश्वासरावची विश्वासने घेतली, तसाच हा आटोपशीरपणा. २०२२ मध्ये सरसेनापतींवर चित्रपट आला तेव्हा नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं, पण बालवाडीच्या हजेरीपटावर अजून ते दुर्मिळच म्हणायचं. वर्गात दोन हंबीर निघण्याची धास्ती नाही.

मूळ अरबी आहे म्हणून आजोबांनी हिरमुसायचं का? मला तरी कारण दिसत नाही. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. साहेबराव, दौलतराव, फत्तेसिंह ही आपल्या घरातली नावं कुठून आली? सातआठशे वर्षं इथे राहिलेल्या नावाला कोणी दाखला मागत नाही. उलट काकांना सांगा, ‘मी वीर’ यापेक्षा ‘हुकूम देणारा’ हा अर्थ घरातल्या सगळ्यात लहान माणसाला जास्त लागू पडतो. पहिली दोन वर्षं तरी त्याचाच हुकूम चालणार.

ठेवायचं ठरलं तर दोन गोष्टी सांभाळा. ‘हं’ वर अनुस्वार आणि ‘बी’ दीर्घ: हंबीर. ‘हंबिर’ असं ऱ्हस्व लिहिलेलं सर्रास दिसतं, पण ते चूक आहे. हम्मीरातला ‘मी’ दीर्घ आहे. दुसरं, जन्मदाखल्यावर ‘हंबीर’ लिहायचं की ‘हंबीरराव’ हे बारशाआधीच ठरवा. आत्याने पाळण्यात कानात एक सांगायचं, दाखल्यावर दुसरं लिहायचं आणि मग दहावीच्या फॉर्मला प्रतिज्ञापत्रं करत बसायचं, हे बऱ्याच घरांत होतं.