निघताना ‘येतो’ का म्हणायचं?

प्रश्न असा आहे: कोणाच्या घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. निघालोय तर ‘जातो’ का नाही? पुन्हा त्या दारात पाय न ठेवणाराही ‘येतो’ म्हणतो, मग ते खोटं बोलणं नाही का? आणि धुळ्याकडे ‘येस’ ऐकू येतं, तो ‘येतो’चा अपभ्रंश का?

शेवटचं आधी उरकू. ‘येस’ अपभ्रंश नाही. धुळ्याकडच्या अहिराणी बोलीत वर्तमानकाळ ‘स’ लावून होतो: मी करस, तू करस, तो करस. त्यात बोलणाऱ्याचं लिंगही दिसत नाही. प्रमाण मराठीत तो ‘येतो’ आणि ती ‘येते’ म्हणते, अहिराणीत दोघंही ‘मी येस’. भविष्यकाळ निराळा आहे, ‘मी येसू’ म्हणजे ‘मी येईन’. म्हणजे निरोपाला ‘येस’ आणि वायद्याला ‘येसू’ अशी चोख वाटणी या बोलीत आहे. तिला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी एवढा एक फरक तरी पाहावा.

आता मूळ मुद्दा. निरोपाच्या वेळी काळ आणि अर्थ यांची सांगड उलटीपालटी होते. ‘आलोच’ (अहिराणीत ‘उनू’) हा भूतकाळ, पण त्याचा अर्थ पाच मिनिटांत परत. चहा टाकून ठेवला तरी चालतो. ‘येईन’ हा भविष्यकाळ, पण बहुतेक वेळा गुळमुळीत; लग्नाची पत्रिका देताना कोणी नुसतं ‘येईन’ म्हणालं, की ताट धरायचं की नाही असा प्रश्न पडतो. आणि ‘येतो’ हा वर्तमानकाळ, ज्यात त्या क्षणी येणं मुळीच घडत नसतं; माणूस चपला घालत असतो.

हा ‘येतो’ निरोपाचा की खरा, हे ओळखायला सोपी कसोटी आहे. त्याला वेळ जोडून पाहा. ‘उद्या येतो’, ‘जेवून येतो’, ‘परत येतो’ म्हटलं की तो वायदा झाला, आणि न आल्यास जाब विचारता येतो. नुसत्या ‘येतो’वर ‘कधी?’ असं कोणी विचारलं, तर ती थट्टा असते किंवा ‘फार दिवसांनी येता’ अशी तक्रार. ‘खोटं बोलताय’ असं उत्तर तर देताच येत नाही. ज्याला खोटं ठरवता येत नाही ते विधानच नव्हे, म्हणून खोटेपणाचा आरोप इथे लागू होत नाही. गोंधळ होतो तो दुसऱ्याचं बोलणं सांगताना. ‘तो येतो म्हणून गेला’ या वाक्यात त्याने निरोप घेतला की परतायचं कबूल केलं, ते कळत नाही. भांडणं इथून सुरू होतात. सांगणाऱ्याने ‘निरोप घेऊन गेला’ किंवा ‘परत येणार आहे’ असं मोकळं सांगावं.

‘जातो’ला सरसकट बंदी नाही. ‘शेतात जातो’, ‘अमळनेरला जातो’ कोणालाही खटकत नाही. खटकतं ते ठिकाण न सांगता म्हटलेलं ‘जातो’. मराठीत ‘बाबा गेले’ म्हणजे वारले, त्याला ठिकाण जोडावं लागत नाही. म्हणून उघड्या ‘जातो’तली रिकामी जागा ऐकणाऱ्याचं मन नको त्या अर्थाने भरतं. रागात ‘जातो मी!’ म्हणतात तेही याच बळावर. उत्तर देणाऱ्यालाही हाच नियम: नुसतं ‘जा’ म्हणजे हाकलणं, ‘सांभाळून जा’ किंवा ‘जाऊन ये’ म्हणजे माया.

निरोप एका शब्दात संपतही नाही. आधी बसल्या बसल्या ‘चला’. यजमान ‘बसा की’ म्हणतो. मग उभं राहून ‘निघतो आता’. ‘येतो’ दारात, आणि त्यावर यजमानाचं ‘या’. हे ‘या’ आलं नाही तर निरोप अर्धवट राहतो. बाहेरून मराठी शिकून आलेले लोक बसल्या जागेवरून एकदम ‘येतो’ म्हणून उठतात. शब्द बरोबर असूनही घरच्यांना वाटतं, काही लागलं का यांना?

सीमेपलीकडेही हाच प्रकार आहे. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातेत निरोपाला ‘आवजो’ म्हणतात, शब्दशः ‘या’. तमिळमध्ये निघणारा ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतो, म्हणजे जाऊन येतो.

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये अशा बोलण्याचा वेगळा वर्ग मांडला. यात माहिती द्यायची नसते, माणसामाणसातला धागा राखायचा असतो. पाठ्यपुस्तकातली ‘संप्रेषण म्हणजे माहितीची देवाणघेवाण’ ही व्याख्या इथे तोकडी पडते, कारण तुम्ही निघालात हे समोरच्याला दिसतंच आहे. पण त्यावरून ‘असे शब्द म्हणजे नुसता आवाज, आत अर्थ उरलेला नसतो’ असं कोणी म्हणालं, तर ते मला पटत नाही. आपल्याकडे त्याविरुद्ध धडधडीत पुरावा आहे. खान्देशात कोणाच्या घरी मयत झाली की भेटायला जाण्याला ‘दारवर जाणं’ म्हणतात. तिथून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत. हात जोडतात आणि मुकाट्याने निघतात. यजमानही ‘या’ म्हणत नाही. अशा प्रसंगाने पुन्हा या दारात यावं लागू नये, म्हणून. ‘येतो’तलं येणं खरोखर मेलेलं असतं, तर ते तिथेही बिनघोर उच्चारलं गेलं असतं.

फोनवर पाहा. तिथे धागा तोच, निरोपही तोच, पण ‘येतो’ कोणी म्हणत नाही. ‘ठेवतो’ म्हणतात. रिसीव्हर जाऊन मोबाइल आला, ठेवण्यासारखं काही राहिलं नाही, तरी ‘ठेवू का?’ असं विचारून समोरच्याच्या ‘ठेव’ची वाट पाहतात.