क्रिमिनल जस्टिसचा छोटा सर्टिफिकेट कोर्स करून उपयोग होतो का?

होतो, पण कशासाठी करताय त्यावर आहे. वकील व्हायचं तर कायद्याची पदवी हवी, फॉरेन्सिक लॅबमध्ये जायचं तर विज्ञान. या कोर्समध्ये पोलीस, न्यायालय आणि तुरुंग-प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं) या यंत्रणा एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत ते कळतं.

खरा फायदा बारीकसारीक गोष्टींत. समजा, एक मोबाइल जप्त झाला. तो कोणी, कधी, कुठून घेतला, पाकिटाला सील कोणी लावलं, पुढे कोणाच्या ताब्यात दिला, याची सहीनिशी नोंद लागते. मधला एक दुवा निसटला की बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. (टीव्हीवरच्या मालिकांत हे कागदकाम कुठे दिसतंय म्हणा!) अहवाललेखनाचा सरावही कामाचा: ‘तो घाबरला होता’ असं नाही, ‘त्याचे हात थरथरत होते’ असं लिहायचं. थोडी थिअरी असतेच. शिक्षा कठोर असण्यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री गुन्हा रोखते, हे इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्येच मांडलं होतं.

प्रवेश घेण्याआधी एवढं विचारा, की इथले क्रेडिट (श्रेयांक) पुढे पदवीला धरतात का. नोकरी डोक्यात असेल तर आधी त्या पदाची पात्रता वाचा. पोलीस भरतीत शारीरिक चाचणी आणि चारित्र्य पडताळणी सहसा वेगळी असते.