कष्ट कुठे खर्च करायचे?

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हाताने चित्रे काढून ॲनिमेशन शिकण्यात आता काही अर्थ उरला आहे का, की सगळा वेळ सॉफ्टवेअरला आणि नव्या स्वयंचलित साधनांना द्यावा, असे तू विचारले आहेस. स्टुडिओत दिवसभर परदेशी चित्रपटांचे रोटो करताना, म्हणजे चित्रित माणसांच्या व वस्तूंच्या कडा फ्रेमगणिक आखून त्यांना वेगळे काढताना, आपण कलावंत आहोत असे वाटतच नाही, ही खंतही तू लिहिली आहेस. या दोन्हींबद्दल मला जे सांगायचे आहे ते १९८८ या एका सालाच्या आधाराने सांगतो, कारण तुझ्यासमोर आज जो पेच आहे तोच त्या वर्षी जगभरातल्या ॲनिमेटरांसमोर होता, आणि त्यांनी त्याची जी उत्तरे दिली ती आजही पडद्यावर पाहता येतात. हाताने रंगवलेल्या सेलची (चित्र रंगवण्याच्या पारदर्शक तावांची) कला तेव्हा तिच्या कळसावर होती आणि संगणक उंबरठ्यावर येऊन उभा होता.

आपल्या कामाचे मूळ स्वरूप आधी लक्षात घे. कॅमेऱ्यासमोर नट उभा राहिला की वाऱ्याने हलणारे केस, शर्टाची चुणी, भिंतीवर पडणारी सावली हे सारे न मागता मिळते. ॲनिमेशनमध्ये न मागता काहीच मिळत नाही. पापणी लवायची असेल तर ती कोणीतरी लववावी लागते. म्हणूनच दिग्दर्शकाचा आणि ॲनिमेटरचा पहिला निर्णय हा असतो की हाताशी असलेले मर्यादित कष्ट नेमके कशावर खर्च करायचे आणि काय मुद्दाम स्थिर ठेवायचे. साधने बदलली की कष्टांचे दर बदलतात. निर्णय मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो. १९८८ साली हा निर्णय इतक्या वेगवेगळ्या प्रकारे घेतला गेला की दुसरे एखादे साल मी याहून आग्रहाने सुचवू शकणार नाही.

१६ एप्रिल १९८८ पासून सुरुवात कर. त्या दिवशी जपानमध्ये स्टुडिओ घिबलीचे दोन चित्रपट एकाच तिकिटावर जोडीने प्रदर्शित झाले: हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. टोटोरोच्या कल्पनेला आधी पैसा उभा राहत नव्हता. तेव्हा निर्माते तोशियो सुझुकी यांनी अशी योजना मांडली की, अकियुकी नोसाका यांची युद्धकाळावरची कथा ज्या शिंचोशा प्रकाशनाने छापली होती, त्यानेच त्या कथेवरच्या चित्रपटाला पैसा द्यावा आणि दोन्ही चित्रपट एकत्र दाखवावेत. एक लहानसा स्टुडिओ एकाच वेळी दोन पूर्ण लांबीचे चित्रपट करू लागला. योशिफुमी कोंदो हे ॲनिमेटर दोन्ही दिग्दर्शकांना हवे होते. अखेर ते ताकाहातांकडे गेले, कारण ताकाहाता स्वतः चित्रे काढत नसत आणि मियाझाकी काढत. ‘ग्रेव्ह’मधले काही शॉट प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत रंगवून पूर्ण झाले नव्हते, ते तसेच पडद्यावर गेले. ही तंगी ध्यानात ठेवून ते चित्रपट पाहिलेस की त्यांतला प्रत्येक तपशील किती विचारपूर्वक घेतला आहे ते तुला दिसू लागेल.

‘ग्रेव्ह’मधला शाळेच्या मैदानाचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहा. १९४५ सालचे कोबे शहर बॉम्बवर्षावात जळाले आहे. आई भाजली आहे, हे चौदा वर्षांच्या सेईताला कळले आहे आणि त्याच्या चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, नीट कळलेले नाही. ती उकिडवी बसून रडते, आणि भावाला काय बोलावे ते सुचत नसल्याने तो मैदानातल्या आडव्या दांडीवर गिरक्या घेऊ लागतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने येथे चेहऱ्याचा मोठा शॉट घेऊन डोळ्यांतले पाणी दाखवले असते. ताकाहातांनी दोन्ही मुलांना दूरवरून एकाच चौकटीत ठेवले आणि हालचाल दिली ती त्या निरर्थक गिरक्यांना. गिरकीत शरीराचे वजन खरे वाटते, दांडीला लोंबकळणाऱ्या हातांवरचा ताण खरा वाटतो, आणि म्हणूनच त्या मुलाची असहायता आपल्यापर्यंत पोहोचते. ओकायामावरच्या हवाई हल्ल्यातून ताकाहाता वयाच्या नवव्या वर्षी वाचले होते. त्यांना आठवणारी भीती त्यांनी आरडाओरड्यातून दाखवली नाही. भात खाणे, डास हाकलणे, खाऊच्या गोळ्यांचा डबा हलवून त्यात काही उरले आहे का ते ऐकणे, अशा रोजच्या कृतींवर त्यांनी आपल्या लोकांचे कष्ट लावले. सेत्सुकोचा आवाज लहान मुलीचाच घेतला आणि तो ॲनिमेशन पूर्ण होण्याआधी ध्वनिमुद्रित केला, जेव्हा की जपानमध्ये सर्वसाधारणपणे आवाज मागाहून भरला जाई. त्यामुळे त्या मुलीच्या बोलण्यातले अडखळणे आणि श्वास चित्रात उतरले आहेत. बाह्यरेषा काळ्या न ठेवता तपकिरी ठेवल्या, म्हणून माणसे पार्श्वभूमीत मिसळून जातात आणि चित्र मऊ दिसते. सेलवरच्या रेषेचा रंग बदलणे हा निर्णय किती लहान आणि त्याचा परिणाम किती मोठा, याचा विचार कर.

टोटोरोत खलनायक नाही, पाठलाग नाही, आणि मोठे संकट म्हणावे असे शेवटच्या भागातच येते. मग कष्ट गेले कुठे? नव्या घरात शिरलेल्या दोन मुलींच्या धावण्यात, मोठ्या बहिणीची नक्कल करणाऱ्या धाकटीच्या पावलांत, आणि काझुओ ओगा यांनी रंगवलेल्या झाडाझुडपांत. बसथांब्यावरच्या पावसाच्या प्रसंगात तर बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही. मुलगी छत्री धरून उभी आहे, शेजारी तो अजस्र प्राणी येऊन उभा राहतो, आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबाचा आवाज त्याला आवडतो. एवढ्यावर तो प्रसंग तोलून धरला आहे. मुलांचे थांबणे इतक्या विश्वासाने दाखवणारा दुसरा प्रसंग मला चटकन आठवत नाही. चित्रपटगृहांत ही जोडी फारशी चालली नाही. दूरचित्रवाणीवरून आणि पुढे आलेल्या खेळण्यांमुळे टोटोरो घराघरांत गेला आणि घिबलीचे बोधचिन्ह झाला.

त्याच वर्षी १६ जुलैला कात्सुहिरो ओतोमो यांचा ‘अकिरा’ आला. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात टोकियो ज्या स्फोटात नष्ट होते, त्याची तारीखही १६ जुलै १९८८ अशीच पडद्यावर येते. १९६३ साली ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका सुरू झाल्यापासून जपानी दूरचित्रवाणीवर एक चित्र तीन-तीन फ्रेमला धरण्याची, म्हणजे सेकंदाच्या चोवीस फ्रेमसाठी आठ चित्रांत काम भागवण्याची काटकसर रूढ झाली होती. ओतोमो यांनी ती बाजूला ठेवली. दीड लाखाहून अधिक सेल, अनेक दृश्यांत अखंड वाहती हालचाल, आधी मुद्रित केलेल्या संवादांशी जुळणारे ओठ, आणि मुख्यतः रात्रीचे शहर. मोटरसायकलच्या मागच्या दिव्याची जी लाल रेघ हवेत क्षणभर रेंगाळते ती सर्वांना आठवते, पण मी तुला शहराच्या खिडक्या आणि त्यांतले प्रकाशाचे वेगवेगळे रंग पाहायला सांगेन. रात्र म्हणजे निळा रंग ही सोय त्यांनी घेतली नाही, आणि त्यासाठी खास नव्या रंगछटा तयार करवून घेतल्या. टोटोरो आणि अकिरा यांच्या प्रदर्शनात तीन महिन्यांचे अंतर आहे. एकाने कष्ट शांततेवर लावले, दुसऱ्याने वेगावर आणि विध्वंसावर, आणि दोघांचाही निर्णय त्यांच्या विषयातूनच निघालेला आहे.

आता तुझ्या रोटोकडे येतो. जूनमध्ये अमेरिकेत ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शन रॉबर्ट झेमेकिस यांचे, आणि ॲनिमेशनची सूत्रे लंडनमध्ये बसलेल्या रिचर्ड विल्यम्स यांच्याकडे. जिवंत नट आणि चित्रातली पात्रे एकत्र आणायची तर कॅमेरा स्थिर ठेवावा, असा तोवरचा संकेत होता. विल्यम्स यांनी कॅमेरा हवा तसा हलवायला सांगितले. याचा अर्थ असा की चित्रित फिल्मची प्रत्येक फ्रेम मोठी करून छापायची, पेगवर (कागद जागच्या जागी धरणाऱ्या खुंट्यांवर) बसवायची आणि तिच्यावर कागद ठेवून रॉजर या चित्रातल्या सशाचा कोन, आकार, पावलांची जागा फ्रेमगणिक नव्याने ठरवायची. अशा ८२ हजारांवर फ्रेम काढल्या गेल्या. पुढचे काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीत होई. प्रत्येक पात्राची सावली, उजळ कडा आणि अंगाची गोलाई यांसाठी वेगळे मॅट (चित्राचा तेवढाच भाग वेगळा काढणारे आकार) काढलेले असत आणि ते ऑप्टिकल प्रिंटर या फिल्म छापण्याच्या यंत्रावर थरावर थर चढवून एकत्र केले जात. तू आज ज्याला मास्क म्हणतोस तेच हे, फक्त कागदावर आणि हाताने.

त्या चित्रपटातला दिव्याचा प्रसंग पाहा. गुप्तहेर एडी बेड्या कापत असताना त्याचे डोके टांगलेल्या दिव्याला लागते आणि दिवा हेलकावे खाऊ लागतो. कथेसाठी त्याची मुळीच गरज नव्हती. परंतु दिवा हलल्याबरोबर सशाच्या अंगावरची सावली प्रत्येक फ्रेममध्ये बदलावी लागली, आणि ती बदलली म्हणूनच ससा त्या खोलीत खरोखर आहे असे प्रेक्षकाला वाटते. सर्वसामान्य प्रेक्षकाला त्या सावल्यांचे काम जाणवतही नाही. तो फक्त सशावर विश्वास ठेवतो. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत नव्याने येणाऱ्या मुलांच्या वाट्याला रोटो, पेंट (चित्रातले नको ते पुसणे), मॅचमूव्ह (कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणे) हीच कामे येतात आणि त्यांना हलके मानण्याची सवय आपल्याकडे लागली आहे, याचे मला मनापासून दुःख होते. कडा कुठे तीक्ष्ण असते, कुठे विरघळते, केस हालचालीत कसे पुसट होतात, हे रोटो करणारा जितके पाहतो तितके दुसरे कोणी पाहत नाही. तू दिवसभर माणसांच्या हालचाली फ्रेमगणिक न्याहाळत आहेस. हे शिक्षण आहे, मात्र संध्याकाळी त्यातली एक तरी हालचाल वहीत काढली तरच ते तुझ्या हातात उतरेल.

संगणकाची बाजूही त्याच सालात आहे. पिक्सार तेव्हा संगणक आणि सॉफ्टवेअर विकणारी लहान कंपनी होती. जॉन लॅसेटर यांनी तिथे ‘टिन टॉय’ हा पाच मिनिटांचा लघुपट केला आणि १९८९ च्या समारंभात त्याला ऑस्कर मिळाले. संगणकावर केलेल्या चित्रपटाला मिळालेले ते पहिले. त्यातले पत्र्याचे खेळणे आजही लोभस वाटते आणि बाळ आजही अस्वस्थ करते, कारण चकचकीत कठीण पृष्ठभाग त्या यंत्राला साधत होता आणि मऊ, जिवंत त्वचा साधत नव्हती. त्या लोकांनी हे ओळखले. १९९५ साली त्यांनी पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला तेव्हा नायक म्हणून खेळणी निवडली आणि माणसांना बऱ्याच अंशी कडेला ठेवले. नवे साधन हाती घेताना त्याची मर्यादा ओळखून विषय निवडणे, हे मला त्यांच्या तंत्रज्ञानाइतकेच मोलाचे वाटते, आणि तुझ्या स्वयंचलित साधनांबाबतही मी हेच सांगेन.

डिस्नेचा ‘ऑलिव्हर अँड कंपनी’ आणि डॉन ब्लूथ यांचा ‘द लँड बिफोर टाइम’ १८ नोव्हेंबरला एकाच दिवशी आले. दोन्ही एकदा पाहिलेस तरी पुरे. प्रागच्या यान श्वान्कमायर यांचा ‘ॲलिस’ मात्र सोडू नकोस. त्यातला ससा पेंढा भरलेला खराखुरा ससा आहे आणि त्याच्या पोटातून लाकडाचा भुसा गळत राहतो. मऊपणा आणि गोडवा यांवाचूनही ॲनिमेशन मुलांच्या स्वप्नांपर्यंत पोहोचते, हे तिथे दिसेल.

दूरचित्रवाणीवर ३ ऑक्टोबर १९८८ ला ‘आनपानमान’ ही मालिका सुरू झाली. तिच्या नायकाचे जनक, लेखक-चित्रकार ताकाशी यानासे तेव्हा ६९ वर्षांचे होते. गोड पाव हेच ज्याचे डोके आहे असा हा नायक भुकेल्याला आपल्या चेहऱ्याचा तुकडा खायला देतो. यानासे युद्धात सैनिक होते आणि भूक त्यांनी सोसली होती. त्या मालिकेतली चित्रे अगदी साधी, हालचाल मोजकी, कारण दर आठवड्याला भाग द्यायचा असतो. आणि तरी एका वर्षाच्या आत, एकाच युद्धाच्या भुकेतून, ताकाहातांची सेत्सुको आणि यानासेंचा हा नायक असे दोघे आले. एकाने भुकेने मरणारी मुलगी दाखवली, दुसऱ्याने तान्ह्या मुलांना कळेल अशा रीतीने सांगितले की भुकेल्याला आधी खाऊ घालावे. तुझ्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या फितीत) तंत्र दिसते, पण ते कशाच्या कळकळीने केले आहे ते अजून दिसत नाही, म्हणून ही दोन नावे एकत्र लिहिली.

तेव्हा हाताने चित्र काढणे सोडू नकोस आणि सॉफ्टवेअरही टाळू नकोस. येत्या काही आठवड्यांत मैदानावरच्या गिरक्या आणि हलता दिवा हे दोन प्रसंग फ्रेमगणिक उघड. कोणते चित्र किती फ्रेम धरले आहे, काय हलते आणि काय हलत नाही, याची एक्स्पोजर शीट स्वतःच्या हाताने तयार कर. नंतर तुझ्या घरातल्या एखाद्या माणसाची रोजची कृती घे, चहा गाळणे किंवा चष्मा पुसणे असे काहीही, आणि फक्त बारा चित्रांत ती बसव. कोणती बारा निवडलीस आणि कोणती सोडलीस, हे कारणांसह लिहून पेन्सिल टेस्टबरोबर (कच्च्या रेखाटनांच्या हलत्या चाचणीबरोबर) मला पाठव. त्यावर आपण सविस्तर बोलू.

तुझा हितचिंतक