थ्रॉटल बॉडी घासण्याआधी दोन आकडे बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षं जुनी १.२ लिटरची पेट्रोल गाडी, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन वेंगुर्ल्याहून बेळगावला निघालास की आंबोली घाटात दम टाकते. व्हिडिओ बघितलेस, आता थ्रॉटल बॉडी उतरवून घरच्या छोट्या ग्राइंडरने आतून घासायची म्हणतोस. पिकअप वाढेल का?

सपाटीवर रेस दाबल्याबरोबर गाडी उसळल्यासारखी वाटेल. घाटात फरक शून्य. मी हा उद्योग स्वतः करून बसलोय, म्हणून सांगतो.

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी अ‍ॅल्युमिनियमची नळी, मधून आडवा शाफ्ट (दांडा) आणि त्यावर स्क्रूने बसवलेली गोल पाती. रेस थोडी दाबली की पाती कलते आणि वरखाली चंद्रकोरीसारखी फट उघडते. घासणारे करतात काय, तर पातीच्या अलीकडचं तोंड रुंद करतात, म्हणजे तीच फट लवकर मोठी होते. पाय तेवढाच दाबलेला, हवा मात्र जास्त. इंजिनाची ताकद आहे तिथेच आहे, ती फक्त पेडलच्या वरच्या भागात सरकली. तेच काम पाय जरा जास्त दाबून फुकटात होतं. घाटात तर तू रेस आधीच तळाला टेकवलेली असणार.

पूर्ण रेसवर थ्रॉटल हवा अडवतोय का, हे मोजता येतं. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घे, मोबाइलला जोड आणि मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा आकडा लाव (काही गाड्यांत तो सेन्सर नसतो, मग हे जमणार नाही). इंजिन बंद, चावी ऑन असताना किनाऱ्यावर १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल. हा बाहेरच्या हवेचा दाब. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला रेस पूर्ण दाबून साडेपाच हजार आरपीएमपर्यंत ने. आकडा शेजारच्याने वाचायचा, तू रस्ता बघ. तिथे ९७ दिसले, तर फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल मिळून सगळ्यांनी खाल्लेली हवा जेमतेम तीन टक्के. घासून घासून तू वाचवणार त्या तिनातलाच एखादा तुकडा. ९० दिसले तर अडथळा नक्की आहे, पण मी आधी एअर फिल्टर उघडीन. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आणि वर पावसाळी ओल बसली की त्याचा पापड होतो.

आता घाटाचं गणित. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर. तिथे हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास येतो, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत सात-आठ टक्के हवा डोंगरानेच काढून घेतली. शिवाय एसी, शिवाय पेट्या. दाणोली सोडताना गिअर खाली घे, आरपीएम चढू दे. तिसऱ्यात रडवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात ओरडलेली बरी.

माझी फजिती अशी. गाडी वायरच्या थ्रॉटलची होती, म्हणजे पेडल वायरने थेट पाती ओढतं ती. तोंड छान रुंद केलं, पॉलिश पेपर मारून आरसा केला, आणि हौसेहौसेत पाती मिटल्यावर जिथे भिंतीला टेकते तो पट्टाही घासला. हिशेब कर: ४६ मिलिमीटरच्या नळीत चहूबाजूंनी फक्त ०.१ मिलिमीटर फट राहिली, तरी ती ४.३ मिलिमीटरच्या छिद्राएवढी होते. आयडलची (रेस न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाची) हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तरी आयडल १४०० आरपीएमच्या खाली येईना. सिग्नलला गाडी उभी आणि इंजिन भुणभुणतंय. घासलेला धातू परत लावता येत नाही. शेवटी कोल्हापूरहून जुनी थ्रॉटल बॉडी आणली. घरात अजून त्यावरून बोलणी खातो.

तरीही हात शिवशिवत असतील तर आपली नको, भंगारातली दुसरी घेऊन तिच्यावर कर. सेन्सर आणि मोटर उतरव. पाती टेकते तिथे मार्करने पट्टा आखून त्याला हात लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम बरच्या (ग्राइंडरला लावायच्या दातेरी टोकाच्या) दातांत भरतं, म्हणून मधूनमधून रॉकेल किंवा मेण लाव. चष्मा आणि मास्क हवाच. पातीचे स्क्रू मागून ठोकून पक्के केलेले असतात; ते एकदा काढले की पुन्हा तसे बसतीलच असं नाही, आणि सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. म्हणून शाफ्ट पातळ करायच्या फंदात सुरुवातीला पडू नकोस. बसवण्याआधी धुऊन कणन्‌कण काढ. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (पाती वायरऐवजी मोटर फिरवते तो) असेल तर मी म्हणेन हा विषयच सोड: मिटलेली जागा ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) शिकून ठेवलेली असते, तिथे फरक पडला की आयडल भरकटतं नाहीतर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो.

त्यापेक्षा दोन कामं आजच होतात. एक, कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांग. इंजिन बंदच. वायरचा थ्रॉटल असेल तर पाती पूर्ण उघडते का, ते बॉनेट उघडून बघ. शेजाऱ्यांनी पावसात मॅटवर मॅट आणि वर गोणपाट घातलं होतं, त्यांची पाती पाऊणच उघडत होती. गोणपाट काढलं, गाडी पळाली! दुसरं, पातीमागची काजळी. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाच्या) तेलकट वाफेने ती चिकटते आणि पेडल सुरुवातीला अडकल्यासारखं वाटतं. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ फडक्यावर मारून पूस. कार्ब्युरेटरचा क्लीनर आणि तारेचा ब्रश नको, काही गाड्यांत तिथे कोटिंग असतं. इलेक्ट्रॉनिक पाती चावी ऑन असताना बोटाने ढकलू नकोस.

हे झालं की चावी ऑनचा आणि पूर्ण रेसचा, दोन्ही आकडे इथे टाक. मग ग्राइंडरचं बोलू.